चुंबक लिलावात काढण्याआधी : अणुऊर्जा विभागाच्या सचिवांना खुले पत्र

प्रति,
माननीय सचिव,
अणुऊर्जा विभाग, भारत सरकार,
अणुशक्ती भवन, मुंबई

महोदय,

या पत्राचा विषय भंगार आहे.

रुग्णालयांमधली एमआरआय यंत्रे दहा-पंधरा वर्षांनी बदलली जातात. काही जुनी यंत्रे डागडुजी होऊन लहान शहरांत पुन्हा उभी राहतात. उरलेल्यांची वाट ठरलेली असते. यंत्राच्या पोटात साधारण दीड-दोन हजार लिटर द्रव हेलियम असते; ते छतावर नेलेल्या नळीतून हवेत सोडून दिले जाते. मग भिंत फोडून कित्येक टनांचा तो पिंप बाहेर काढतात आणि त्यातले तांबे, ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील वेगळे होऊन वजनावर विकले जाते. या मालात एक वस्तू अशी असते, की तिला बहुतेक वेळा काहीही झालेले नसते. जुना झालेला असतो संगणक, जुने झालेले असते सॉफ्टवेअर, रेडिओलहरींचे इलेक्ट्रॉनिक्स. आतला अतिवाहक चुंबक ठणठणीत असतो.

मुंबईकरांना या चुंबकाची ओळख 2018 साली फार वाईट रीतीने झाली. ऑक्सिजनचे सिलिंडर हातात घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण यंत्राकडे खेचला गेला आणि दगावला. स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालू असतो, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले. निओबियम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची तार शून्याखाली 269 अंशांपर्यंत थंड केली, की तिचा विद्युतरोध नाहीसा होतो. एकदा भरलेला प्रवाह बाहेरचा पुरवठा काढून घेतला तरी वर्षानुवर्षे फिरत राहतो. रोधच नाही म्हटल्यावर तार तापत नाही, आणि थंड ठेवली तोवर तिची झीजही जवळपास होत नाही. दवाखान्याच्या हिशेबात निकामी ठरलेल्या यंत्रातला हा भाग भौतिकशास्त्रज्ञाच्या हिशेबात तरुण असतो.

भौतिकशास्त्रज्ञांना तो हवा असतो तो स्पेक्ट्रोमीटरसाठी. विद्युतभार असलेला कण चुंबकीय क्षेत्रातून जाताना वळतो. कमी संवेगाचा कण जास्त वळतो, जास्त संवेगाचा कमी. वळणाची त्रिज्या मोजली की संवेग कळला. गेल्या पाऊणशे वर्षांतले कणभौतिकीतले बहुतेक मोठे शोध या एका मोजणीवर उभे आहेत, आणि ही मोजणी करायची तर मोठ्या पोकळीत ताकदीचे क्षेत्र हवे. एमआरआयच्या चुंबकाकडे नेमके तेच असते.

शिकागोजवळच्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत हे करून दाखवलेले आहे. तिथल्या ‘हीलिऑस’ या स्पेक्ट्रोमीटरचा चुंबक जर्मनीत वापरून झालेल्या एका एमआरआय यंत्राचा आहे. रुग्णाला झोपवायची पोकळी साठ सेंटीमीटरच्या आसपास असते. पण आतली ग्रेडियंट वेटोळी आणि रेडिओ अँटेना उपसून काढल्या, की व्यास नव्वद सेंटीमीटरवर जातो. एवढ्या जागेत लक्ष्य ठेवले, अक्षावर हातभर लांबीची चौकोनी पोकळ दांडी बसवली आणि तिच्या चारी बाजूंना सहा-सहा सिलिकॉन संवेदक चिकटवले. जड अणुकेंद्रकांचा झोत या दांडीच्या पोकळीतूनच आत येतो आणि पुढे ठेवलेल्या लक्ष्यावर आदळतो. तिथून उडालेला प्रोटॉन मळसूत्राच्या वाटेने फिरत एक फेरा पुरा करतो आणि परत अक्षावर येऊन एखाद्या संवेदकावर आपटतो.

यातली गंमत अशी, की एका फेऱ्याला लागणारा वेळ कणाच्या वेगावर अवलंबून नसतो. दोन टेस्लाच्या क्षेत्रात प्रोटॉन धावता असो की रमतगमत जाणारा, फेरा सुमारे 33 नॅनोसेकंदांत पुरा होतो. ड्यूटेरॉनला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. म्हणजे घड्याळ पाहून कण कोणता ते कळते, आणि तो अक्षावर किती लांब येऊन पडला यावरून त्याची ऊर्जा कळते. असे प्रयोग पूर्वी गोलाकार मांडलेल्या संवेदकांनी व्हायचे. त्यात वेगवेगळ्या ऊर्जांचे कण एकमेकांत इतके मिसळून जायचे, की दोन शेजारच्या ऊर्जापातळ्या वेगळ्या ओळखणे मुश्कील व्हायचे. हीलिऑसने ती अडचण पुष्कळ कमी केली. पहिले प्रयोग 2008 च्या सुमारास झाले, तेही सिलिकॉन-28 सारख्या साध्या, स्थिर अणुकेंद्रकांच्या झोतावर. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. पुढे त्याचे काम आहे.

नंतर इतरांनीही हा मार्ग धरला. सर्नच्या आयसोल्ड केंद्रात ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनहून आणलेला चार टेस्लाचा एमआरआय चुंबक बसवला गेला आणि त्याचा सोलेनॉइड स्पेक्ट्रोमीटर झाला. मिशिगनमधल्या ‘फ्रिब’ प्रवेगकाजवळ ‘सोलारिस’ हा त्याच कुळातला आणखी एक. या तिन्ही ठिकाणी पैशाची ददात होती म्हणून जुने आणले असे मानायचे कारण नाही. हवे ते क्षेत्र, हवी ती पोकळी तयार मिळत होती. नवा चुंबक घडवण्यात जी वर्षे गेली असती ती मोजणीत गेली.

एमआरआयच्या पलीकडे, खास कणभौतिकीसाठी बांधलेल्या मोठ्या चुंबकांचे दुसरे आयुष्य तर अधिक नाट्यपूर्ण आहे. म्यूऑनच्या चुंबकीय वर्तनाची मोजणी करणारी ‘जी वजा दोन’ प्रयोगाची रिंग हे त्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण. सुमारे पंधरा मीटर व्यासाची तिची अतिवाहक वेटोळी 1990 च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत जागेवरच गुंडाळली गेली. 2001 मध्ये प्रयोग संपला. उत्तर सिद्धांताशी जुळत नव्हते, पण ठामपणे काही सांगण्याइतकी अचूकताही नव्हती. जास्त म्यूऑन हवे होते, आणि ते इलिनॉयमधल्या फर्मीलॅबकडे होते. रिंग मात्र ब्रुकहेवनमध्ये पडून होती.

नवी रिंग बांधायला जवळपास तीन कोटी डॉलर लागले असते; जुनी हलवायला त्याचा दहावा हिस्सा. फक्त हलवायची कशी, हा प्रश्न होता. वेटोळी तुकड्यांत कापता येत नव्हती, आणि तीन-एक मिलिमीटरपेक्षा जास्त पीळ बसला असता तर आतल्या तारा कायमच्या बिघडल्या असत्या. सरळ रस्त्याने अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर, पण पंधरा मीटर रुंदीची वस्तू न वाकवता तेवढ्या पुलांखालून आणि गल्ल्यांमधून नेणे अशक्य. म्हणून जून 2013 मध्ये ती तराफ्यावर चढली. अटलांटिकच्या किनाऱ्याने खाली, फ्लोरिडाला वळसा घालून मेक्सिकोच्या आखातात, तिथून नद्यांच्या जाळ्यातून वर मिसिसिपी, मग इलिनॉय नदी, असा पाच हजार किलोमीटरचा प्रवास झाला. शेवटचा टप्पा रस्त्याने, रात्री महामार्ग बंद ठेवून, माणसाच्या चालीने. 26 जुलैला ती फर्मीलॅबच्या दारात पोचली, तेव्हा बघायला हजारो लोक जमले होते. वेटोळ्यांभोवतीचे शेकडो टन पोलाद मात्र ट्रकमधून निमूट आले. त्याच्यासाठी कुणी जमले नाही.

खरे काम पुढेच होते. सप्टेंबर 2015 मध्ये रिंग पूर्ण क्षमतेने, म्हणजे 1.45 टेस्लावर चालू झाली. मग जवळपास वर्षभर माणसे ते क्षेत्र एकसारखे करत बसली. कुठे पोलादाचा तुकडा केसभर सरकवायचा, कुठे कागदासारखा पातळ लोखंडी पत्रा चिकटवायचा. असे हजारो पत्रे लावले गेले. ब्रुकहेवनच्या तुलनेत क्षेत्राची समानता तिपटीने सुधारली. जुन्या चुंबकाने नव्या जागी स्वतःच्याच पहिल्या आयुष्यापेक्षा सरस काम केले. 2018 ते 2023 मोजण्या झाल्या आणि 3 जून 2025 ला अंतिम निकाल जाहीर झाला: एका अब्जात 127 भाग इतक्या अचूकतेचा. सिद्धांताचे गणितही दरम्यान बदलले आणि जुनी तफावत आता तितकी तीव्र राहिलेली नाही. नव्या भौतिकशास्त्राची वाट पाहणाऱ्यांची त्यात थोडी निराशा झाली असेल. मोजणीचे मोल त्याने उणे होत नाही.

कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेच्या ‘बाबार’ प्रयोगाचा चुंबक याहून वेगळ्या वाटेने गेला. दीड टेस्लाचा हा सोलेनॉइड इटलीत बनला, 2008 पर्यंत स्लॅकला राबला. त्यानंतर तो इटलीत रोमजवळ होऊ घातलेल्या ‘सुपरबी’ यंत्रात परत जायचा होता. 2012 च्या अखेरीस ते यंत्रच पैशाअभावी रद्द झाले. 2015 च्या सुरुवातीला चुंबक ट्रकवर चढला आणि अमेरिका आडवी ओलांडून ब्रुकहेवनला आला. तिथे आधी थोड्या प्रवाहावर, मग पूर्ण प्रवाहावर त्याची परीक्षा घेतली गेली आणि 2023 मध्ये ‘स्फिनिक्स’ हा नवा प्रयोग त्याच्याभोवती सुरू झाला. भोवती हा शब्द इथे अक्षरशः खरा आहे. संवेदक किती मोठे, किती जवळ, हे सगळे चुंबकाच्या मापाने ठरले.

पुनर्वापराची ही मेख आहे आणि आपल्यापासून ती लपवण्यात अर्थ नाही. जुना चुंबक घेतला की तो अटी घालतो. सर्नच्या सीएमएस प्रयोगाला सहा मीटर व्यासाचा, 3.8 टेस्लाचा सोलेनॉइड हवा होता. तसा जगात कुठे पडलेला नव्हता, तो नव्यानेच बांधावा लागला. ज्याला नेमके काय मोजायचे ते ठाऊक आहे त्याने आधी गरज ठरवावी, मग अडगळीत डोकावावे. उलटा क्रम धरला तर अडगळच प्रयोग ठरवू लागते.

दुसरी मेख दुरुस्तीची. व्हर्जिनियातल्या जेफरसन प्रयोगशाळेतल्या ‘ग्लूएक्स’ प्रयोगाचा चुंबक स्लॅकमध्ये 1970 च्या आसपास तयार झाला. तिथले काम संपल्यावर तो लॉस अलामॉसला गेला, दुसऱ्या प्रयोगात वापरला गेला, मग पडून राहिला. जेफरसनला येण्याआधी त्याच्या चारही वेटोळ्यांची गळती शोधावी लागली, उष्णतारोधक थर बदलावे लागले. एवढे करूनही तो 1,500 अँपिअरला न नेता 1,350 वरच चालवायचे ठरले. म्हाताऱ्या यंत्राकडून शेवटचे दहा टक्के हट्टाने वसूल करायचे नाहीत, हा शहाणपणा त्यामागे आहे. पन्नाशी ओलांडलेला तो चुंबक आजही दोन टेस्लाचे क्षेत्र देतो.

आणखी काही नावे धावत्या उल्लेखाने. कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘क्लिओ’ प्रयोगाचा सोलेनॉइडही जेफरसनमध्ये पोचला आहे, ‘सॉलिड’ या प्रयोगासाठी. इटलीतल्या फ्रास्काटीच्या ‘क्लो’ प्रयोगाचा चुंबक फर्मीलॅबच्या ‘ड्यून’ या न्यूट्रिनो प्रयोगासाठी ठरला आहे. हे फर्मीलॅब आपल्या विभागाला परके नाही. तिथल्या नव्या प्रवेगकासाठी भाभा अणुसंशोधन केंद्र आणि इंदूरचे आरआरकॅट यंत्रसामग्री पुरवतात.

हॅम्बुर्गच्या डेझी प्रयोगशाळेने केलेले काम मात्र धावत्या उल्लेखात संपवणे अन्यायाचे होईल. तिथला ‘हेरा’ हा प्रवेगक 2007 मध्ये बंद झाला. त्याच्या बोगद्यात शेकडो अतिवाहक द्विध्रुवी चुंबक होते. ‘आल्प्स’ नावाच्या प्रयोगाला त्यातले चोवीस हवे होते: बारा भिंतीच्या अलीकडे, बारा पलीकडे. अलीकडे लेसरचा झोत सोडायचा, आणि भिंत भेदून पलीकडे काही प्रकाश पोचतो का ते पाहायचे; पोचला तर अॅक्सिऑनसारखा एखादा अज्ञात कण मध्ये होता असे समजायचे. अडचण अशी, की हेराचे चुंबक प्रोटॉनांच्या वर्तुळाकार वाटेनुसार किंचित वाकवून बनवलेले होते. लेसर वाकत नाही. मग अभियंत्यांनी काय केले, तर बाहेरच्या टाकीतून आधार आत रेटून प्रत्येक चुंबक सरळ केला. जवळपास नऊ मीटर लांबीची ती वस्तू, आत नाजूक तोलावर बसलेली वेटोळी, आणि बाहेरून दाब देऊन बाक काढणारी माणसे. प्रत्येक चुंबक नंतर थंड करून तपासला. 2023 मध्ये प्रयोग सुरू झाला. जुगाड या शब्दाने आपल्याकडे जे सुचते त्याच्या हे अगदी विरुद्ध टोकाला आहे. जुनी वस्तू पुन्हा वापरायला नव्या वस्तूपेक्षा जास्त मोजमाप, जास्त कागद आणि जास्त शिस्त लागते.

सर्नचा ‘कास्ट’ प्रयोग या कुळाचा मुकुटमणी म्हणावा. लार्ज हेड्रॉन कोलायडरसाठी आधी बनवलेला एक नमुना-चुंबक, नऊ टेस्लाचा, नऊ-दहा मीटरचा, कामाचा राहिला नव्हता. 2003 पासून तो एका फिरत्या मंचावर बसून रोज सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला दीड-दीड तास सूर्याकडे रोखला गेला, तिथून येणारे अॅक्सिऑन पकडण्यासाठी. त्याला थंड करणारी यंत्रणा ‘डेल्फी’ या संपलेल्या प्रयोगाची होती आणि क्ष-किरण दुर्बीण एका जर्मन उपग्रहाची उरलेली जोडप्रत. अॅक्सिऑन सापडले नाहीत. पण ते कुठे नाहीत, हे इतक्या काटेकोरपणे त्याआधी कुणी सांगितले नव्हते.

आता घराकडे वळावे.

सर्नचाच एक चुंबक मुंबईच्या दोन संस्थांना जोडतो. तो अतिवाहक नाही, ॲल्युमिनियमच्या वेटोळ्यांचा आहे, तरी विषयाला धरून आहे. ‘एल-3’ प्रयोगासाठी तो बांधला गेला. वजन 7,800 टन. त्या प्रयोगात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी होते. 2000 साली एल-3 संपल्यावर चुंबक जमिनीखाली जागच्या जागी ठेवला गेला आणि त्याच्या पोटात ‘ॲलिस’ प्रयोग उभा राहिला. ॲलिसमध्ये पवईच्या आयआयटीचे संशोधक काम करतात. कुलाब्याच्या एका पिढीने ज्या लाल अष्टकोनी दरवाज्यांआड काम केले, त्याच दरवाज्यांआड पवईची पुढची पिढी आहे.

कौशल्याचे म्हणाल तर तेही आहे. सर्नच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरच्या 1,232 द्विध्रुवी चुंबकांच्या टोकांना जे छोटे अतिवाहक सुधारक चुंबक बसतात, त्यांतले जवळपास निम्मे आरआरकॅटच्या देखरेखीखाली भारतात बनले. ते सगळे द्विध्रुव बोगद्यात उतरण्याआधी सर्नच्या चाचणी दालनात थंड करून तपासले गेले, तेव्हा त्या तपासणीच्या पाळ्यांवर आपल्या विभागाचे अभियंते तुकड्यातुकड्यांनी राबत होते. कोलकात्यात अतिवाहक सायक्लोट्रॉन आहे. मुंबईची ‘समीर’ संस्था आणि दिल्लीचे आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्र मिळून देशी एमआरआय बनवत आहेत, त्याचा दीड टेस्लाचा चुंबकही घरचा. जुने यंत्र पुन्हा उभे करण्याचीही परंपरा आहे: 1936 साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात बांधलेला सायक्लोट्रॉन 1960 च्या दशकात चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात आला आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

नाही ती एक साधी गोष्ट. जुना चुंबक लिलावात जाण्याआधी ‘हा कुणाला हवा आहे का?’ असे विचारणारा कुणी नाही. सरकारी वित्तीय नियमांनुसार वस्तू अतिरिक्त, कालबाह्य किंवा निरुपयोगी ठरवून काढायची असते. ठरवताना सहसा अख्खे यंत्र एक वस्तू मानले जाते. त्याच्या आतला एक भाग कालबाह्य नसून दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा आहे, हे नोंदवणारा रकाना त्या कागदावर आला, तर निम्मे काम झाले.

सुरुवात आपल्याच घरातून होऊ शकते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय, खारघरचे त्याचे संशोधन केंद्र, अणुशक्तिनगरचे रुग्णालय, या सगळ्या आपल्या विभागाच्या छत्राखालच्या संस्था. इथले एखादे एमआरआय निवृत्त होणार असेल तर सहा महिने आधी विभागाच्या प्रयोगशाळांना एक परिपत्रक जावे. चुंबकाची ताकद, पोकळी, वजन, बनावटीचे साल, शेवटची सर्व्हिसिंगची नोंद. एवढे एका पानावर मावते. एमआरआयमध्ये किरणोत्सार नसतो, त्यामुळे क्ष-किरण किंवा कोबाल्टच्या यंत्रांसारखी परवानग्यांची माळ इथे नाही.

काढायची रीत मात्र बदलावी लागेल. आणीबाणीचे बटण दाबून क्वेंच केला की वेटोळ्याचा एक भाग अतिवाहकता गमावतो, सगळी साठलेली ऊर्जा उष्णता होऊन हेलियम उकळते आणि नळीतून भसाभस निघून जाते. चुंबक त्यातून बहुतेक वेळा वाचतो, पण प्रत्येक वेळी वाचेलच असे नाही. कंपनीचा वीजपुरवठा संच जोडून प्रवाह सावकाश उतरवता येतो. त्याला कंपनीचा अभियंता आणि एक दिवस लागतो. हेलियम गोळा करून परत वापरता येते. देशात लागणारे हेलियम जवळपास सगळे आयात होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात विजयदुर्गावर दर 18 ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. तसे पाहिले तर हेलियमच्या शोधाशी जोडल्या जाणाऱ्या 1868 च्या ग्रहणाच्या वेळी त्याचा शोधक लॉकियर विजयदुर्गावर नव्हता, तो तिथे आला 1898 च्या ग्रहणाला. पण एका वायूचा वाढदिवस किल्ल्यावर साजरा करणाऱ्या राज्यात तोच वायू रुग्णालयांच्या गच्चीवरून असा सोडला जावा, हे काही बरे दिसत नाही.

खरे सांगायचे तर अर्धी लढाई खरेदीच्या दिवशीच जिंकता येते. नवे यंत्र घेतानाच करारात एक कलम घालावे: निवृत्तीच्या वेळी कंपनीने वेटोळ्यांची रेखाचित्रे, प्रवाहाचे आकडे आणि प्रवाह उतरवण्याची सोय द्यावी. पंधरा वर्षांनी कंपनीकडे मागायला गेले तर ती देईलच असे नाही, आणि तोवर माहीतगार माणूसही निवृत्त झालेला असतो. ग्लूएक्सच्या चुंबकाला दुसरे आणि तिसरे आयुष्य मिळाले, त्यात जुनी कागदपत्रे टिकली याचाही वाटा असणार.

वैद्यकीय प्रतिमेसाठी क्षेत्र काही दशलक्षांश इतके एकसारखे लागते. स्पेक्ट्रोमीटरला एवढे सोवळे नसते. क्षेत्र कुठे किती आहे हे मोजून नकाशा केला, की कामाला लागता येते. म्हणजे प्रतिमा धूसर येते म्हणून रुग्णालयाने नाकारलेला चुंबकसुद्धा प्रयोगशाळेत चालू शकतो. दीड टेस्लाच्या चुंबकाने हीलिऑसएवढी मजल जाणार नाही हे मान्य. पण तीन टेस्लाची यंत्रेही देशात आता कित्येक वर्षे आहेत आणि त्यांचीही बदलण्याची पाळी येणारच.

आणि तो ठेवायचा कुठे? कुलाब्याला टाटा संस्थेच्या आवारात भाभा केंद्र आणि टाटा संस्था मिळून 1988 पासून पेलेट्रॉन हा प्रवेगक चालवतात. त्याला पुढे अतिवाहक लिनॅकची जोड मिळाली. स्थिर अणुकेंद्रकांचे झोत तिथे मिळतात, आणि हीलिऑसचा पहिला प्रयोग अशाच झोतावर झाला होता. दिल्लीच्या प्रवेगक केंद्रातही तशीच सोय आहे. जागा, जमिनीची भार पेलण्याची ताकद, भोवताली पसरणाऱ्या क्षेत्राला अडवणारे लोखंड, या सगळ्याचा हिशेब करावा लागेल. तो करायला दोन-तीन तरुण आणि सर्नच्या चाचणी दालनात पाळ्या केलेला एखादा ज्येष्ठ अभियंता पुरेसा आहे. संवेदक आणि इलेक्ट्रॉनिक्स नवे घ्यावेच लागतील, त्यात काटकसर करू नये; पुनर्वापराची सक्ती तिथवर नेली तर हसे होईल.

यातून नोबेल मिळेल असे कुणी म्हणत नाही. एका पीएचडीच्या विद्यार्थ्याला चुंबक थंड करताना, प्रवाह चढवताना, क्वेंचला घाबरताना आणि क्षेत्राचा नकाशा काढताना जे हाताला लागते, ते सर्नमधल्या तीन हजार जणांच्या गटात डेटाचे विश्लेषण करून लागत नाही. आपल्या विद्यार्थ्यांना परदेशी प्रयोगांमध्ये सॉफ्टवेअरची कामे भरपूर मिळतात, लोखंडाची कमी. ही तक्रार कणभौतिकीच्या वर्तुळात जुनी आहे.

तेव्हा विनंती अशी. विभागाच्या छत्राखालच्या सर्व रुग्णालयांमधल्या आणि प्रयोगशाळांमधल्या अतिवाहक चुंबकांची एक यादी व्हावी: कुठे आहे, केव्हा बसला, केव्हा निघणार. ती मुंबईच्या, इंदूरच्या, कोलकात्याच्या आणि दिल्लीच्या संस्थांना वर्षातून एकदा पाठवावी, आणि त्यांच्याकडून नव्वद दिवसांत मागणी आली नाही तरच चुंबक लिलावात जावा. राज्य सरकारांच्या आणि खासगी रुग्णालयांना यात स्वेच्छेने येता यावे. या यादीसाठी वेगळे अंदाजपत्रक लागत नाही, एक सहसंचालक आणि एक टंकलेखक यांचे काही आठवडे लागतात. पहिली यादी पुढच्या आर्थिक वर्षाची निर्लेखने सुरू होण्याआधी निघाली, तर त्या वर्षी निघणारे चुंबक तरी हाती लागतील.

आपला विश्वासू,
एक विज्ञानवाचक